पांढरे पिल्लू आणि लिलीचे पराग

एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक मांजरी राहत असे. स्वच्छतेची तिला भारी हौस आणि त्याचा तोराही तेवढाच. अंग चाटूनपुसून लख्ख झाल्याखेरीज ती दुधाकडे ढुंकूनही बघत नसे. तिला एकच पिल्लू होते, पांढरेशुभ्र. मांजराच्या जातीला डाग शोभत नाही, हा धडा तिने त्याला डोळे उघडताच दिला होता.

एके सकाळी घरच्या बाईंनी लिलीची कुंडी आणून खिडकीत ठेवली. पिल्लू फुलांशी खेळून आले, ते छातीभर केशरी पराग माखूनच. "काय हा अवतार! बस इथं आणि चाट," मांजरी म्हणाली. तेवढ्यात ट्यूबलाइटमागची पाल सरसर खाली आली. "माऊताई, त्याला चाटू देऊ नका. हे फूल मांजरांना विष असतं. मी आधी राहायचे त्या घरातला बोका यानंच गेला. बाईंकडे न्या, त्या ओल्या फडक्यानं पुसतील."

आता बाळांनो, महिन्यापूर्वीच या मांजरीने त्या पालीचे शेपूट तोडले होते. त्यामुळे तिला वाटले, ही डूख धरून आहे, माझे पोर चारचौघांत गबाळे दिसावे म्हणून टपली आहे. तिने नाक मुरडले. "माझ्या पोराला फडक्यानं पुसायचं? तू तुझं शेपूट सांभाळ." आणि बाई खरोखरच फडके घेऊन आल्या, तेव्हा ती पिल्लाला मानेला धरून पलंगाखाली घेऊन गेली.

"आई, कडू लागतंय गं," पिल्लू म्हणाले.

"लागू दे. तो पंजावरचा ठिपका राहिलाय बघ."

गुणी पिल्लाने तोही चाटला. संध्याकाळी ते ओकले, दुसऱ्या दिवशी त्याने दुधाला तोंड लावले नाही. बाई त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी रिकामी टोपली घरी आली. बाईंनी रडतरडत लिलीची कुंडी घराबाहेर काढली.

मांजरी अजूनही उन्हात अंग चाटायला बसते, पण पंजा तोंडाशी नेता नेता थांबते. भिंतीवर पाल चुकचुकली, की मान वर करून कितीतरी वेळ ऐकत राहते. तिला सांगण्यासारखे मात्र पालीकडे आता काही उरलेले नाही.

तात्पर्य : ज्याला आपण दुखावले, तो आपले वाईटच चिंतील असे धरून चालू नये. त्याचा इशारा वेळेवर ऐकला नाही, तर पुढे हळहळण्यावाचून हाती काही राहत नाही.