तक्त्यावर नसलेला पक्षी

सांगतो, सांगतो. गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून दोन दिवस डोकं खाल्लंत. आता मधे कुणी बोलायचं नाही. शेवटी टाळ्याही नकोत.

एका गावात एक म्हातारा होता. शाळा दुसरीपर्यंत, तोंड मात्र फाटकं. त्याच्या परसात कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराने घरटं केलं होतं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कापूस असलं काहीबाही आणून लोंबती पिशवी विणतो. लांबून बघणाऱ्याला तो कचराच वाटतो. आत दोन पिल्लं होती. म्हातारा महिनाभर धोतर काटेरी कुंपणावर वाळवत होता. धोतराची चाळण झाली, पण तारेला हात लावला नाही.

गावात एक मास्तर होता. मुलांना परसातले पक्षी शिकवायचे म्हणून एके दिवशी तो पोरं आणि रंगीत तक्ता घेऊन तिथं आला. आल्या आल्या नाक मुरडलं.

"आजोबा, हे काय जळमट लोंबतंय?"

"जळमट नाही मास्तर, शिंजिराचं घरटं आहे. पोरांना गप बसवा. आत्ता मादी येईल चारा घेऊन, बघू दे त्यांना."

मास्तराने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात शिंजीर नाही."

"मग तक्ता चुकलाय."

पोरं खो खो हसली. मास्तराचं डोकं फिरलं. "दुसरी शिकलेल्याने मला शिकवू नये!" म्हणाला, आणि खराट्याच्या एका फटक्यात पिशवी खाली पाडली.

पिल्लं मातीत पडली. धड पिसंही फुटलेली नव्हती. एकाने चोच उघडली, मिटली. दुसरं हललंच नाही.

तेवढ्यात मादी आली. चोचीत कोळी. तारेपाशी फडफडली, गेली, परत त्याच जागी आली.

मास्तराने घसा खाकरून तक्त्यावर छडी ठेवली. "हं, हा कोणता पक्षी?"

एकानेही तक्त्याकडे पाहिलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मास्तर, आधी तिला सांगा, तिची पिल्लं कुठं गेली."

मास्तराने छडी खाली घेतली.

"उचल तो तक्ता नि हो चालता!" म्हातारा ओरडला.

मास्तर गेला. पोरं मात्र त्याच्यामागे गेली नाहीत, पिल्लांसाठी खड्डा खणायला थांबली. पुढे पक्ष्यांच्या तासाला एकही पोर बसेना. आणि मास्तराने गावभर काय सांगितलं? म्हाताऱ्याने परसात घाण ठेवली म्हणून धडा बिघडला!

तात्पर्य काय, तर आपल्याला ठाऊक नाही त्याला कचरा म्हणू नये. आधी विचारावं, मग खराटा उचलावा.

म्हाताऱ्याची माफी मागायला मास्तर अजून फिरकलेला नाही. मास्तराचं नाव दत्ताजी खरमाटे.