तिन्हीसांजेचे विरजण

एका गावात त्र्यंबक नावाचा एक वैद्य राहत असे. त्याच्या हाताला यश होते आणि मनाला थोडा ताठा होता. रोगी कसलाही येवो, औषधाची पुडी बांधता बांधता वैद्यबुवा बजावायचे, "जेवलात की शतपावली घाला. पाय हलते राहिले, तर माणूस हलता राहतो."

एकदा त्यांनी राजपुत्राचा जुना ताप उतरवला. राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, "बिऱ्हाड घेऊन राजधानीत या. राहायला हवे ते घर मागा."

वैद्यबुवा निघाले. बरोबर पत्नी सत्यभामा, सहा वर्षांची वेणू आणि नजर अधू झालेले म्हातारे वडील अप्पा. राजाच्या कारभाऱ्याने त्यांना घोडागाडीतून शहर दाखवले. राजमार्गावर एक घर होते. दारात दगडी कमान, आणि पुढचा रस्ता एवढा रुंद, की चार गाड्या शेजारी शेजारी धावाव्यात. त्याच्याच मागे कासार आळी होती. तिथेही एक घर रिकामे होते. पण आळीत गाडी शिरेना, म्हणून कारभाऱ्याने ते बोटानेच दाखवले.

"राजवैद्याला कमानच शोभते," कारभारी म्हणाला. "आजचा दिवस इथेच राहून बघा. उद्या सकाळी घराची सनद लिहू. एकदा शिक्का उमटला, की बदल नाही."

वैद्यबुवांच्या मनाने कमानीवर शिक्का केव्हाच मारला होता.

दुपारी जेवण झाले आणि सवयीप्रमाणे अप्पा शतपावलीला बाहेर पडले. गावात ते भिंतीला हात लावत पारापर्यंत जाऊन येत. इथे बाराव्या पावलाला गाडीवान ओरडला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" विसाव्या पावलाला शेजारच्या देवडीवरच्या पहारेकऱ्याने हटकले, "कोणाकडे काम आहे?" तिसावे पाऊल पडलेच नाही. अप्पा परत आले आणि कोपऱ्यात बसले.

"बाहेर जाऊन मला काय करायचंय रे?" ते म्हणाले. "इथंच बसेन."

वैद्यबुवांच्या काळजात चर्र झाले. असे म्हणणारी म्हातारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. वर्षाच्या आत ती कोपऱ्यातून अंथरुणावर जात, आणि मग त्यांना कोणतेही औषध लागू पडत नसे. पण मानाचा मोह मोठा असतो. ते म्हणाले, "होईल सवय, अप्पा." वडिलांकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

संध्याकाळी राजाच्या गोठ्यातून घागरभर दूध आले. दूध होते, पण विरजण नव्हते. सत्यभामा वाटी घेऊन शेजारच्या देवडीवर गेली. पहारेकरी म्हणाला, "वर विचारावं लागेल," आणि दार लावून घेतले. बराच वेळ वाट पाहून ती परत आली.

"अहो, गाडीत बसून घर दिसतं, शेजार दिसत नाही," ती म्हणाली. "मी मागच्या आळीत चालले. अप्पा, तुम्हीही चला."

वेणूने आजोबांचा हात धरला. वैद्यबुवा कुरकुरत मागोमाग निघाले.

आळीत पोरी भर रस्त्यात लंगडी खेळत होत्या. वेणूला कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, "तुझ्यावर राज्य!" म्हणून सरळ डावात ओढले. पहिल्याच ओट्यावर एक कासारीण दिवा लावत होती. सत्यभामेने वाटी पुढे केली.

"अगं बाई!" कासारीण म्हणाली. "दिवेलागणीला विरजण मागतेस? आता घराबाहेर कसं देऊ?"

तिन्हीसांजेला घरातले दूध-दही बाहेर देऊ नये, ही रीत सत्यभामेला ठाऊक होती. घाईत विसरली. ती ओशाळली. वैद्यबुवांना मात्र मनातून बरेच वाटले. पाहा, इथेही नकारच!

तेवढ्यात कासारीण म्हणाली, "तसं कर, दूधच इकडं आण. माझ्या चुलीपाशी लावते. सकाळी दही घेऊन जा, तेव्हा काही हरकत नाही. आजोबा, तुम्ही टेका ओट्यावर."

आता दूध कोण आणणार? सत्यभामेने नवऱ्याकडे पाहिले. राजवैद्य मुकाट्याने गेले आणि तांब्याभर कोमट दूध घेऊन आले. पाहतात तो ओटा रिकामा!

"अप्पा कुठं आहेत?" त्यांनी घाबरून विचारले.

"चाललेत की," कासारीण म्हणाली. "ते काय, पार टोकाला."

खरेच, अप्पा चालत होते. एका ओट्यावरून आवाज यायचा, "आजोबा, पुढं पायरी आहे." दुसऱ्यावरून यायचा, "उजवीकडनं या, डावीकडं भट्टी तापलीय." टोकाला जाऊन ते परत आले. कपाळावर घाम होता आणि तोंडभर हसू.

"त्र्यंबका, एकशे चाळीस झाली रे!" ते म्हणाले. "आणि दोघांनी उद्या यायला सांगितलंय."

वैद्यबुवांच्या मनात आले, साऱ्या मुलखाला शतपावली सांगणारा मी, माझ्याच बापाला कमानीखाली बसवून ठेवणार होतो! त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी कारभारी सनद घेऊन आला. कमानीच्या घरात वैद्यबुवा नव्हते. शोधत शोधत तो पायीच आळीत शिरला, तर राजवैद्य दह्याचे भांडे दोन्ही हातांत सांभाळत समोरून येत होते.

"वैद्यराज, हे काय?" कारभारी चपापला.

"दही," वैद्यबुवा म्हणाले. "सनदेवर कासार आळी लिहा."

"दरबारात लोक हसतील हो!"

"हसू देत. आमचे अप्पा चालायला गेलेत."

तात्पर्य: बिऱ्हाड मांडताना दाराची कमान पाहू नये, घरातले सर्वांत थकलेले पाऊल जिथे निर्धास्त पडते, तोच रस्ता आपला मानावा.