चिमटीचा थेंब

सन दोन हजार अकरा. फाल्गुन महिना. शिमगा होऊन सहा दिवस झाले होते. ऊन चढायला लागलं होतं.

एक बेडकी होती. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी. म्हणून तिचं नाव चिमटी.

सोनाक्काची खानावळ होती. खानावळीमागे मोरी होती. मोरीच्या पाण्यावर अळू होतं. अळूखाली चिमटी होती.

चिमटी आणि अळू यांचं ठरलेलं होतं. चिमटीनं अळूवरचे किडे खायचे. लप. लप. अळूनं रोज सकाळी तिला एक थेंब द्यायचा.

अळू रात्रभर पाणी प्यायचं. सकाळी पानाच्या टोकाला थेंब आणायचं. एवढासा थेंब. पण त्यात आख्खा सूर्य दिसायचा. नारळ दिसायचा, उलटा. खानावळ दिसायची, उलटी. चिमटी बघतच राहायची. एवढं मोठं जग एवढ्याशा थेंबात मावलं कसं?

मग थेंब पडायचा. टप्. चिमटी ओली व्हायची.

त्या सकाळी थेंब आला नाही.

बेडकीचं अंग सुकलं तर बेडकी जगत नाही. चिमटीला ते ठाऊक होतं.

चिमटी म्हणाली, "अळूदादा, अळूदादा. मी किडे खाल्ले. माझा थेंब दे."

अळूची पानं लोंबत होती. अळू म्हणालं, "नाही गं. मोरीचं पाणी झोंबतं. मोरी पाणी बदलेल, तर थेंब देईन."

चिमटी निघाली. टुण टुण टुणुक. मोरीपाशी आली. मोरीत फेस होता. फस फस फस. चिमटीपेक्षा उंच फेस.

"मोरीताई, मोरीताई.
अळू थेंब देईना,
माझं अंग ओलं होईना.
तू पाणी बदल."

मोरी म्हणाली, "नाही गं. जे वरून येतं तेच मी पुढे सोडते. सोनाक्का भांड्यांची पावडर वापरायचं सोडेल, तर पाणी बदलेन."

चिमटी निघाली. टुण टुण टुणुक. सोनाक्का भांडी घासत होती. ताटांचा डोंगर होता. चकचक चकचक.

"सोनाक्का, सोनाक्का.
मोरी पाणी बदलेना,
अळू थेंब देईना,
माझं अंग ओलं होईना.
तू पावडर सोड."

सोनाक्कानं हात पुढे केले. हात लाल झाले होते. "मला काय हौस आहे व्हय पावडरची? पूर्वी रिठ्यानं घासत होते. झाड रिठे टाकेल, तर पावडर सोडेन."

चिमटी निघाली. टुण टुण टुणुक. रिठ्याचं झाड आलं. चिमटीनं वर पाहिलं. खोड संपेना. आणखी वर पाहिलं. फांद्या संपेनात. आणखी वर पाहिलं आणि चिमटी उताणी पडली. पडल्या पडल्या म्हणाली,

"झाडआजोबा, झाडआजोबा.
सोनाक्का पावडर सोडेना,
मोरी पाणी बदलेना,
अळू थेंब देईना,
माझं अंग ओलं होईना.
तुम्ही रिठे टाका."

झाड बोललं. पाठीखालची जमीन हलली, असं चिमटीला वाटलं.

"नाही पोरी. माझे पाय बघ."

चिमटीनं पाहिलं. झाडाचे पाय दिसतच नव्हते. प्लास्टिकच्या पिशव्याच पिशव्या. निळ्या, काळ्या, फाटक्या.

"पाणी मुरत नाही. श्वास कोंडतो. किराणावाला शेठ प्लास्टिक उचलेल, तर रिठे टाकेन."

चिमटी निघाली. टुण टुणुक. आता उड्या लहान पडत होत्या. ऊन वर आलं होतं. मल्लूशेठचं किराणा दुकान आलं.

"मल्लूशेठ, मल्लूशेठ.
झाड रिठे टाकेना,
सोनाक्का पावडर सोडेना,
मोरी पाणी बदलेना,
अळू थेंब देईना,
माझं अंग ओलं होईना.
तुम्ही प्लास्टिक उचला."

शेठ हसले. एवढंसं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आज उचलेन, उद्या परत पडेल. साखर काय लोकांच्या ओंजळीत देऊ? इस्माईलचाचा कापडी पिशव्या शिवतील, तर प्लास्टिक उचलेन."

चिमटी निघाली. टुण. थांबली. टुण. थांबली. पाठ सुकली होती. इस्माईलचाचांचं शिलाईचं दुकान आलं. मशीनचं चाक फिरत होतं. खडखड खडखड. केवढं चाक. चंद्राएवढं.

"चाचा, चाचा.
शेठ प्लास्टिक उचलेना,
झाड रिठे टाकेना,
सोनाक्का पावडर सोडेना,
मोरी पाणी बदलेना,
अळू थेंब देईना,
माझं अंग ओलं होईना.
तुम्ही पिशव्या शिवा."

चाचा म्हणाले, "चिंध्या गोणीभर आहेत बेटा. पण टेबलाखाली डास आहेत. डास चावतो. पाय उडतो. टाका वाकडा जातो. डास जातील, तर शिवेन."

चिमटीनं विचारलं, "किती डास?"

"मोज."

"मोजता येत नाहीत. खाता येतात."

चाचांनी चष्मा वर केला. चिमटीकडे नीट पाहिलं. मग एक चिंधी माठात बुडवली आणि टेबलाखाली पसरली. चिमटी ओल्या चिंधीवर बसली.

लप.

लप. लप.

लप लप लप लप लप.

डास संपले.

पाय उडेना. टाका सरळ गेला. खडखड खडखड. चाचांनी पिशव्या शिवल्या. एक लाल. एक हिरवी. एक फुलाफुलांची, पोलक्याच्या चिंधीची.

चाचांनी पिशव्या शिवल्या, मग शेठनं प्लास्टिक उचललं. सळसळ सळसळ. एक पोतं. दोन पोती. सात पोती. एवढं सगळं आपल्याच दुकानातून गेलं? शेठ कमरेवर हात ठेवून उभेच राहिले.

शेठनं प्लास्टिक उचललं, मग झाडानं रिठे टाकले. टपटप टपटप. झाडानं मोठा श्वास घेतला. सगळी पानं एकदम हलली.

झाडानं रिठे टाकले, मग सोनाक्कानं पावडर सोडली. खसखस खसखस. ताटात तिचं तोंड दिसलं.

सोनाक्कानं पावडर सोडली, मग मोरीनं पाणी बदललं. खळखळ खळखळ.

मोरीनं पाणी बदललं, मग अळू पाणी प्यालं. एक दिवस प्यालं. दोन दिवस प्यालं. एक पान वर आलं. दुसरं वर आलं.

तोवर चिमटी चाचांच्या चिंधीवर राहिली. डास येत होते, ती खात होती. पण चिंधी ती चिंधी. तिच्यात सूर्य दिसत नव्हता.

तिसऱ्या सकाळी चिमटी घरी आली. टुण टुण टुणुक. अळूखाली बसली. वर बघत राहिली.

पानाच्या टोकाला काहीतरी चमकलं.

थेंब.

थेंब फुगला. त्यात सूर्य आला. नारळ आला, उलटा. खानावळ आली, उलटी. रिठ्याचं झाड आलं. आख्खं आलं, शेंड्यापासून पायांपर्यंत. लोक आले, हातात लाल पिशवी, हिरवी पिशवी, फुलाफुलांची पिशवी. सगळे उलटे. सगळे मावले.

चिमटी हलली नाही. तिनं डोळेही मिटले नाहीत.

"घे," अळू म्हणालं. "तुझा थेंब."

टप्.