धुतलेली वाट

खूप जुनी गोष्ट आहे. उंच डोंगरावर एक थंड राज्य होते. परगावाहून कोणी घरी परतले की उंबऱ्यावर त्याचे पाय धुवायचे आणि पुढे त्या प्रवासाचा शब्दही काढायचा नाही, अशी तिथली रीत. पायांबरोबर वाटही धुतली गेली, असे लोक म्हणत. वाटेचे नाव घेतले तर वाटेवरची पीडा घरात येते, असा समज होता.

त्या राज्यात एक वैद्य होता. नाडीवर बोट ठेवले की रोग ओळखायचा. लोक त्याला देव मानत, आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागले होते.

एकदा घोंगड्या विणणारा एक विणकर तापाने पडला. आधी हुडहुडी भरायची, दात वाजायचे. मग अंगाची लाही व्हायची आणि घाम फुटून ताप उतरायचा. दुसरा दिवस बरा जायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"थंडी बाधलीय," वैद्य म्हणाला. "आपल्या डोंगरात दुसरं काय होणार? सुंठीचा काढा द्या."

विणकराची बायको घुटमळली. "वैद्यराज, एक सांगू का? हे मागल्या महिन्यात..."

"आल्यावर पाय धुतले होते ना?"

"धुतले होते."

"मग बाई, धुतलेली वाट कशाला उकरता?"

ती सुंठ कुटायला बसली. काढे चालू राहिले. विणकर पिवळा पडला, बरळू लागला आणि एका सकाळी गेला. मागावर अर्धी घोंगडी तशीच राहिली.

प्रेत उचलताना बाईने रीत मोडली. "लेकीला बघायला गेले होते हो! खाली, खाडीकाठच्या दलदलीत तिचं सासर. डासांनी फोडून काढलं म्हणत होते!"

जमलेल्या माणसांत वैद्यही होता. दलदलीचा ताप! तरुणपणी खालच्या मुलखात गुरूंकडे शिकताना त्याने असे कितीतरी रोगी पाहिले होते. त्यावरची कडू साल त्याच्याच घरात आढ्याला टांगलेली होती, धूळ खात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर वळसा घालायलाही कोणी उठले नव्हते.

त्यानंतर रोगी दारात आला की वैद्य आधी विचारी, "कुठं जाऊन आलात?" लोक दचकत, पण सांगत. पुष्कळ जण वाचले.

विणकराच्या बायकोने मात्र ती घोंगडी पुरी केली नाही, आणि वैद्याच्या दारावरून ती पुन्हा कधी गेली नाही.

तात्पर्य : रोग गावाची शीव पाळत नाही, नाडी पाहण्याआधी रोग्याची वाट विचारावी.