दगडाच्या पलीकडचा कोस

गालीलच्या डोंगराळ मुलखात, सरोवरापासून थोडं वर, एक गाढव आपल्या गाढविणीबरोबर राहत असे. गाढव म्हटलं की तुम्ही हसणार, मला ठाऊक आहे. हसा खुशाल! पण मुलांनो, हे गाढव मोठं कष्टाळू होतं, आणि एकदा मनाशी ठरवलं की मग कोणी कितीही कान ओढले तरी मागे फिरत नसे.

त्या काळी तिथे रोमचं राज्य होतं. वाटेत कोणीही गावकरी दिसला की शिपाई त्याला वेठीला धरत आणि आपलं ओझं त्याच्या पाठीवर देत. माणसं करतात तेच जनावरं उचलतात. फौजेची खेचरंही गावच्या गाढवांना वेठीला धरू लागली. त्यांचा नियम असा, की एकच कोस राबवायचं. वाटेवर कोसाचा दगड आला की ओझं खाली. त्यापुढे एक पाऊल जरी कोणाला राबवलं, तर त्या खेचराला छावणीत फटके बसत. आणि एक नियम खेचरांनी पदरचा घातला होता : ओझं वाहणाऱ्यानं मागून चालायचं, तोंड उघडायचं नाही.

महिन्यापूर्वी एका दांडग्या खेचरानं या गाढविणीला वेठीला धरलं होतं. दगड दहा पावलांवर राहिला आणि ती बिचारी दमून खाली बसली. खेचरानं तिच्या पुढच्या गुडघ्यावर अशी लाथ हाणली की तेव्हापासून तिला तो पाय टेकताच येईना. झरा होता उताराच्या तळाशी. गाढवानं तिला आधार देऊन न्यायचा प्रयत्न केला, पण ते पडलं लहानखुरं. दोघंही वाटेतच घसरून पडली आणि खरचटून वर आली. मग गाढव झऱ्याकाठचं ओलं गवत तोंडात धरून आणी, आणि ते चघळून ती तहान भागवी. पण ऊन वाढत होतं. काठचं गवत रोज थोडं थोडं पिवळं पडत होतं. ते संपल्यावर काय, हे दोघांनाही कळत होतं.

गावची गाढवं संतापली. त्यांच्यातलं एक काळं, म्हातारं गाढव गरजलं, "दगडापर्यंत नाइलाज आहे. पण दगडापुढे जो एक खूर टाकील, त्याला आपल्या कळपात जागा नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

अशात एके दिवशी सकाळी एक चिमणी धापा टाकत आली. "अहो ऐकलंत का? तिकडे डोंगरावर ही गर्दी! नासरेथचा तो येशू बोलत होता, सुताराच्या घरचा. गरिबांशी बोलतो, आजाऱ्यांच्या जवळ जाऊन बसतो. आम्हा चिमण्यांचीसुद्धा देवाला काळजी आहे म्हणाला!"

"बरं झालं बाई तुमचं," गाढवीण म्हणाली. "आमच्याविषयी काही बोलला का?"

"बोलला ना! कोणी जबरदस्तीनं एक कोस चालवलं, तर त्याच्याबरोबर आपणहून आणखी एक कोस चालायचं. वैऱ्याचंही भलं चिंतायचं."

"वा रे वा! सांगणाऱ्याचं काय जातं?" गाढवीण फणकारली. "गोणी आपल्या पाठीवर असते."

गाढव मात्र विचारात पडलं. त्याची आई एके काळी बेथलेहेमच्या गोठ्यात होती. या येशूचा जन्म तिथलाच. घरात जागा मिळाली नाही म्हणून त्या बाळाला गव्हाणीत निजवलं होतं, आणि आईनं तोंडाजवळचा चारा सोडून दिला होता, बाळाची झोप मोडू नये म्हणून. हे ती आयुष्यभर अभिमानानं सांगे.

"ज्याच्यासाठी माझी आई उपाशी राहिली," गाढव म्हणालं, "त्याचं म्हणणं एकदा करून तर बघतो."

गाढवीण भडकली. "माझा पाय मोडला त्यानं, आणि तुम्ही त्याचं ओझं जास्त वाहणार? लाज नाही वाटत?"

"राग मलाही आहे गं. पण रोज दगडापाशी गोणी टाकून, मागे वळून शिव्या देऊन काय झालं? तुझा पाय बरा झाला?"

तिनं आपल्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जायचं तर जा. पण मान खाली घालून जाऊ नका. माझ्या गुडघ्याचं त्याच्या तोंडावर सांगा."

दुपारी नेमकं तेच दांडगं खेचर आलं. "ए गाढवा, चल! घे ही गोणी." गोणी पिठाची होती, चांगली जड. गाढव एक शब्द न बोलता मागून चालू लागलं. दगड आला. खेचर म्हणालं, "टाक खाली आणि पळ."

गाढव थांबलंच नाही. उलट चार पावलं भराभर टाकून खेचराच्या बरोबरीला आलं.

"ए, बहिरा आहेस का? दगड आला!"

"दिसला. तिथवर तुझा हुकूम होता. इथून पुढे मी माझ्या मर्जीनं येतोय. आणि मर्जीनं येणारा मागून चालत नाही, दादा."

खेचराची पाचावर धारण बसली. "अरे बाबा, ठेव खाली! कोणी पाहिलं तर माझी पाठ फोडतील!"

"कोणी विचारलं तर खरं सांगेन. चल तू."

काय करणार? खेचर निमूट चालू लागलं. त्याच्या साऱ्या आयुष्यात असलं गाढव त्यानं पाहिलं नव्हतं. चालता चालता गाढव म्हणालं, "महिन्यापूर्वी दगडाच्या अलीकडे दहा पावलांवर तू एका गाढविणीचा गुडघा फोडलास. ती माझी बायको."

"आठवत नाही," खेचर तुटकपणे म्हणालं. "रोज कितीतरी असतात."

हे ऐकून गाढवाच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर अरुंद वळण होतं, खाली खोल दरी, आणि खेचर दरीच्या अंगाला. एक धक्का पुरे होता. गाढवानं एक खूर त्याच्या बाजूला वळवला. पण त्यानं दात आवळले आणि पुढचं पाऊल वाटेवरच टाकलं.

खेचराच्या ते ध्यानात आलं. "ढकलणार होतास मला?"

"मनात आलं होतं."

"मग?"

"मग वळण संपलं. आता ऐक. तुला आठवत नसेल, तिला आठवतं. रोज तहान लागली की आठवतं. झऱ्यापर्यंत तिला जाता येत नाही. गवत वाळलं की ती मरेल." एवढं बोलून गाढव उरलेली वाट तसंच चाललं. दुसरा दगड आल्यावर त्यानं गोणी हळूच उतरवली, फेकली नाही.

"मला शिव्या दे," खेचर चिडून म्हणालं. "शिव्या कळतात मला. हे काय चालवलं आहेस?"

गाढवानं पाठीवरचं पीठ झटकलं. ते माघारी फिरलं.

गावात बातमी आधीच पोहोचली होती. कळपानं त्याच्याकडे पाठ फिरवली. गाढविणीनं विचारलं, "सांगितलंत? काय म्हणाला?"

"आठवत नाही म्हणाला."

तिचे डोळे भरून आले. काळं गाढव लांबूनच ओरडलं, "घ्या! सांगत होतो ना? फुकट गेला तुझा कोस!"

"जाऊ दे," गाढव म्हणालं. "उद्या आला तर उद्याही चालेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचर आलं. गोणी त्याच्या स्वतःच्या पाठीवर होती. वाटेत दिसलेल्या एकाही गाढवाला त्यानं हाक मारली नाही. ते तडक गाढविणीसमोर येऊन उभं राहिलं आणि गोणी उतरवून म्हणालं, "काल परत जाताना त्या जागी थांबलो. मग आठवलं. सगळं आठवलं. मी चुकलो." आणि त्यानं आपला पुढचा पाय तिच्यापुढे केला. "मार लाथ. हलणार नाही मी."

सारा कळप धावत जमला. "मार! सोडू नकोस! मार!"

गाढविणीनं खेचराकडे रोखून पाहिलं. रागानं तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. मग ती म्हणाली, "लाथ मारायची तर बाकीच्या तीन पायांवर उभं राहावं लागतं. त्यातला एक तू ठेवलास कुठे?"

खेचरानं मान खाली घातली. कळप दोन पावलं मागे सरला.

"आणि तुझा पाय मोडून मला पाणी मिळणार आहे का?" ती पुढे म्हणाली. "अंग आहे ना एवढं मोठं? मग ये असा उताराच्या बाजूला. मला टेकू दे."

खेचर आडवं उभं राहिलं. तिनं आपला सगळा भार त्याच्यावर टाकला, आणि एकेक पाऊल जपून टाकत दोघं उतरू लागली. गाढव पुढे चालून वाटेतले खडे बाजूला सारत होतं. काळं गाढव वाटेतच उभं होतं. तेही बाजूला झालं. झऱ्याशी पोहोचल्यावर गाढविणीनं पाण्यात तोंड बुडवलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती पोटभर पाणी प्यायली. तिला पिताना पाहून गाढवाला रडू आवरेना.

खेचर चढाकडे बघून काळजीनं म्हणालं, "आलीस खरी. आता वर कशी जाशील?"

गाढविणीनं ओलं तोंड वर केलं. "कशी म्हणजे? तू आहेस ना!"

तात्पर्य : अन्याय करणाऱ्याला त्याचा अन्याय तोंडावर सांगावा, आणि तरीही आपणहून त्याचं भलं करावं, याला दुबळेपणा म्हणू नये, कारण सूड घेण्यापेक्षा याला जास्त हिंमत लागते.