वेलावरचं पहिलं घोसाळं

एका राज्यात जयकेतु नावाचा राजा होता, त्याची कांतिमती नावाची राणी होती. राणी व्रतवैकल्यांची. नैवेद्य रांधायची, पण देवाआधी चव कशी घ्यावी? म्हणून दर सणाला मीठ कमी पडायचं. राजा पानावर बसून हसायचा. "राणी, देव बोलत नाहीत म्हणून चाललंय तुझं." राणी हसून मिठाची वाटी पुढे सारायची.

एके दिवशी एक मांत्रिक आला. म्हणाला, "हा सोन्याचा हंडा बागेत पुरा. पेराल ते रातोरात सुपाएवढं पिकेल." राजाला मोह पडला. हंडा पुरला, बैल जुंपले, बाग नांगरली. सकाळी सुपाएवढी वांगी लागली. राजाने गावजेवण घातलं. सगळं नगर जेवलं, राणी तेवढी जेवली नाही. त्या दिवशी ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं तिला चालत नव्हतं. तिनं रानातली कंदमुळं उकडून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राजाने तिला विचारलं, "आपण कोण, बाई?"

ज्यानं त्या बागेतलं खाल्लं, तो आपली माणसं विसरला. आई लेकराला ओळखेना, शेजारी शेजाऱ्याला ओळखेना. सगळेच विसरले, म्हणून दुःख कुणालाच नव्हतं. दुःख एकट्या राणीला, कारण तिला सगळं आठवत होतं.

मुदपाकखान्यामागे, परसात, तिनं एक खोपटं बांधलं. राजा रोज सकाळी तिथून जाई.

"आपण कोण, बाई?"

"परसातली बाई, महाराज."

"बरं," म्हणून राजा पुढे जाई. राणी त्याच्या पावलांकडे बघत राही. संध्याकाळी दोन पानं मांडी, एक उचलून ठेवी.

एकदा कुडावर साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, रडून झालं असेल तर ऐक. या घोसाळ्याच्या दोन बिया घे. इथली माती हंड्याने बाटली आहे, तिचा कणही घेऊ नकोस. तीन कामं कर. मुदपाकखान्यातून टाकतात, त्याची माती कर. तिथून सांडतात, त्या पाण्यावर वेल वाढव. पहिलं फळ वेलावरच वाळू दे. जो वेल आपलं बी जपतो, त्याच्याच पुढच्या फळांत आठवण असते."

राणी आचारणीच्या दारी गेली. सालं, देठ, शिळी फुलं ओटीत भरू लागली.

येसू आचारीण म्हणाली, "अगं, गाय तोंड लावत नाही त्याला. भूक असेल तर भाकरी माग."

"मला नको, येसूबाई. माती जेवायची आहे."

"वेडीच दिसतेस," येसू म्हणाली, पण दुसऱ्या दिवसापासून सालं वेगळी ठेवू लागली.

फुटक्या रांजणात सालांचा थर, पाचोळ्याचा थर, वर शेणाचा काला. आधी वास आला, मग गांडुळं आली, मग काळीभोर माती झाली. राणीने एक बी लावलं, तांदळाच्या धुवणावर वेल वाढवला. पहिलं घोसाळं धरलं, हिरवंगार, कोवळं.

आता राणी ती राणी. पहिलं फळ देवाचं, जन्माची सवय. हात आपोआप गेला. तोडलं, देवापुढे ठेवलं, प्रसाद म्हणून राजाला दिलं.

राजा म्हणाला, "गोड आहे. आपण कोण, बाई?"

संध्याकाळी वेल मान टाकून पडला.

साळुंकी म्हणाली, "कोवळ्यात बी कुठलं, राणी?"

राणीने कपाळाला हात लावला. हिवाळा गेला, उन्हाळा आला. खोपटात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती रांजणाशी बोलायची. अक्षय्यतृतीयेला तिनं उरलेलं बी लावलं. पुन्हा फळ धरलं, पुन्हा हात गेला. मग थांबला. तिनं पदराचा दोरा काढला, देठाला सैल बांधला, हळदकुंकू लावलं.

"देवा, हे तुझंच. पण वेलावरच राहू दे. मी वाट बघते, तूही बघ."

वेल फोफावला, मागून फळं लागली. राणीने एकही तोडलं नाही. दोऱ्याचं घोसाळं पिवळं पडलं, तपकिरी झालं. भाद्रपदात वाऱ्याने हललं, आत बी खुळखुळलं. ऋषिपंचमीचाच दिवस होता.

राणीने मागून लागलेलं एक कोवळं घोसाळं तोडलं, भाजी केली, नैवेद्य दाखवला. राजा रोजच्या वाटेने आला.

"महाराज, दोन घास घ्या."

राजा कुडापाशी बसला. एक घास घेतला, थांबला. दुसरा घेतला. मग पानावरून नजर न उचलता हात पुढे केला.

"कांतिमती, मिठाची वाटी."

राणीला वाटी दिसेना, डोळे इतके भरले होते.

वाळलेलं फळ देवापुढे फोडलं. बिया परसापरसांत वाटल्या, येसूने सालांची माती दारोदार शिकवली. वेल वाढले, तशी घरं एकमेकांना ओळखू लागली. बागेतला हंडा उकरला, तर आत नुसती राख. राणीने तीही वाया जाऊ दिली नाही, रांजणात घातली.

राणीला तिचं माणूस मिळालं. जे कुणी आज एकटं पान मांडत असेल, त्याच्या परसातही एक बी रुजो, आणि दुसरं पान भरो.