तेली आळीची दारं

अलिबागेकडून खारवलीत शिरलात की पहिली लागते ती तेली आळी. इथले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, पूर्वी तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. वर्षातून एकदा ते दरफाळणीचा सण पाळतात. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दारं बंद, पांढरे कपडे, पाण्याचा थेंबही नाही. वर्षभराच्या पापांची देवाजवळ क्षमा मागायची. सगळीकडे सण संपला की घरचीच माणसं दार उघडतात. या आळीत मात्र तसं नाही. का, ते आळीतले दानियल आजोबा पाहुण्यांना सांगतात.

फार पूर्वी इथे दोन भावांचे दोन घाणे होते म्हणे. थोरल्याची बायको हन्नाबाई, धाकट्याची मिलका. तीळ एकाच शेतातले, पण गिऱ्हाईक मिलकाच्या दारी. मिलका दिसली की हन्नाबाई जळायची. तिचं हसू भिंतीपलीकडून आलं तरी ही भरलं ताट सारून उठे.

पाटलाकडे लग्न निघालं. तेल मिलकाकडून जायचं होतं. हन्नाबाईने गुपचूप मिलकाच्या बुधल्यात करंजाचं तेल ओतलं. घारगे कडूजहर झाले, पंगत अर्ध्यावर उठली. मिलकाचं नाव गेलं. तिच्या दारी कुणी फिरकेना. सगळं गिऱ्हाईक हन्नाबाईकडे आलं.

तरी जळणं थांबेना. मिलका कुणाला बोल लावीना, रडेना. मुलांना न्हाऊमाखू घालताना गाणी म्हणे. ‘हिचं अजून काय उरलंय?’ हन्नाबाईला झोप लागेना.

दरफाळणीला ती दरवर्षी कपाळ भुईला टेकून क्षमा मागे. तिसऱ्या वर्षी सण संपला, चांदण्या दिसल्या, आळीतली दारं धडाधड उघडली. हन्नाबाईच्या नवऱ्याने अडसर काढला. दार हलेना. आतून कडी धरून ओढलं, बाहेरून पहार घातली. पहार वाकली, असं सांगतात.

सासू म्हणाली, “कुणाचं काय अडकलंय या घरात?”

हन्नाबाई दाराच्या फळीला तोंड लावून ओरडली, “मिलका, तुझ्या बुधल्यात करंजाचं तेल मीच ओतलं गं!”

बाहेर जमलेल्या आळीत उभी असलेली मिलका वळून आपल्या घरात गेली. त्या घडीलाही हन्नाबाईच्या मनात आलं, आता सगळे तिलाच चांगली म्हणणार.

बऱ्याच वेळाने बाहेरून मिलकाचा आवाज आला.

“बाई, हे देवाला सांगितलं होतंत?”

“दरवर्षी.”

“मग त्यालाच उघडू द्या की. मला कशाला हाक मारता?”

हन्नाबाई रडत म्हणाली, “देवाचं मी काही बिघडवलं नव्हतं, मिलका.”

मग मिलकाने दाराला तळवा टेकला, आणि पहारेला न हललेलं दार तेवढ्याने आत आलं म्हणे. ती हसली मात्र नाही. “पाणी प्या,” एवढंच म्हणाली आणि तांब्या पुढे केला. हन्नाबाईने पाहिलं, मिलकाचेही डोळे सुजलेले होते. इतकी वर्षं तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आजही या आळीत सण संपल्यावर अडसर काढतात, पण घरचं कुणी दार उघडत नाही. वर्षभरात घरच्यांनी ज्याचं मन दुखावलं असेल, त्याने येऊन दार ढकलायचं. मुंबई-ठाण्याहून, कधी इस्राएलहूनही माणसं त्यासाठी येतात. काही दारं लगेच उघडतात. काही घरांत चांदण्या मावळेपर्यंत उपाशी माणसं दाराकडे बघत बसलेली असतात.